डोक्यावरचा मान

फेटा बांधताना माझा एकच हट्ट असतो. कापड जमिनीला लागता कामा नये. म्हणून दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. खुर्चीवर नवरामुलगा, पाठीमागे मी, आणि पलीकडे टोक धरून त्याचा पुतण्या. पुतण्याचं लक्ष मोबाइलात गेलं, कापड खाली लोंबलं, की मी हात थांबवतो. तो टोक उचलेपर्यंत पुढचा वेढा घालत नाही.

गोव्यातल्या डिचोली आणि आसपासच्या गावांतून लग्नांना आणि शिगम्याला, म्हणजे आमच्या होळीच्या सणाला, मला फेटे बांधायला बोलावतात. तयार शिवलेले फेटे आता बाजारात भरपूर मिळतात, पण डोक्यावर बांधलेल्याची ऐट वेगळीच. पहिला फेटा मी घरातल्या सगळ्यांत थोरल्या पुरुषाला बांधतो, मग नवऱ्याच्या मामाला, मग इतरांना. नवऱ्याचा सगळ्यांत शेवटी, म्हणजे मुहूर्तापर्यंत तुरा ताठ राहतो. घरात सुतक असलं तर मी नाही म्हणतो. आणि कुणी थट्टेत दुसऱ्याचा फेटा उडवला तर मी तिथल्या तिथे बोलतो. माणसाच्या डोक्याला हात घालणं ही आमच्याकडे साधी मस्करी नव्हे, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

शिगम्यात तर हे आणखी जपावं लागतं. मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, नमन होतं, तिथे पायात चपला नसतात, पण डोकं मात्र बांधलेलं. घोडेमोडणी या नाचातल्या गड्यांच्या कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार आणि पगडीत फुलं. ढोल-ताशाच्या तालावर तासन् तास नाचायचं तर वेढे घट्ट लागतात, आणि घट्ट बांधलं की कानशिलं दुखतात. त्यासाठी कपाळावरचा पहिला वेढा मी जरा सैल ठेवतो आणि पुढचे आवळतो. फुलं मात्र गडी स्वतः माळतो, त्याला मी हात लावत नाही.

आमच्या देवाधर्मात डोकं झाकणं हा मान. सत्यनारायणाला बसणाऱ्या यजमानाच्या डोक्यावर टोपी नसली तर भटजी निदान रुमाल तरी ठेवायला सांगतात. चर्चमध्ये हेच उलट. पुरुषाने टोपी काढायची. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात हे आहे, की पुरुषाने उघड्या डोक्याने प्रार्थना करावी आणि स्त्रीने झाकलेल्या. 1917च्या चर्चच्या कायदेसंहितेत स्त्रियांनी डोकं झाकण्याचा नियम होता, 1983च्या संहितेत तो राहिला नाही. बिशपसुद्धा मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, मुख्य प्रार्थनेच्या वेळी डोक्यावरची छोटी गोल टोपी उतरवतात. गोव्याच्या आर्चबिशपांना 27 ऑगस्ट 2022 रोजी रोममध्ये कार्डिनल केलं, तेव्हा पोपनी त्यांच्या डोक्यावर बिरेट्टा, म्हणजे लाल चौकोनी टोपी, ठेवला. टोपी चढवून मान देण्याची रीत त्यांच्याकडेही आहेच, फक्त देवासमोर ती खाली येते.

हे मला नीट कळलं ते माझ्या एका ख्रिस्ती मित्राच्या मुलाच्या लग्नात. बार्देशातलं चर्च, आम्ही डिचोलीचे सहा-सात जण फेटे बांधून गेलेलो. हौस नवऱ्याच्या बापाचीच, फेटे मागितलेही त्यानेच. चर्चच्या पायऱ्यांवर तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “भितर वतना काड, भायर सरतकच परत घाल.” आम्ही फेटे काढले. सैल न करता, दोन्ही हातांनी उचलून, मांडीवर घेऊन बसलो. मिस्सा संपला, बाहेर येऊन फेटे परत चढवले, तर त्याची म्हातारी आई धावत आली आणि माझ्या फेट्याचा शेमला खांद्यावर नीट बसवून गेली. असं सांगावं तर असं सांगावं. चारचौघांत कुणी आमच्यावर ओरडलं असतं तर मी पुन्हा त्या दारात गेलो नसतो.

याच बार्देशात 24 जूनला सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, दिवशी माणसं कोपेल डोक्यावर घालून विहिरीत उड्या मारतात. पानांची, फुलांची, कधी फळं अडकवलेली ती कोपेलं भिजून जातात, आणि तिथे ते चालतं. पर्यटक मुलं ती दुकानातून विकत घेऊन वर्षभर समुद्रकिनाऱ्यावर मिरवतात, ते मला आवडत नाही. ज्या दिवसाची वस्तू त्या दिवशीच शोभते.

पणजीसमोर बेतीला गुरुद्वारा आहे. तिथे डोकं झाकूनच आत जायचं, आणि क्रिकेटची टोपी त्यासाठी चालेलच असं धरून चालू नये. कापड लागतं, म्हणून मी रुमाल खिशात ठेवूनच जातो. आम्हा फेटा बांधणाऱ्यांना एक गोष्ट तिथे बघण्यासारखी आहे. तरुण शीख मुलगा आरशासमोर एकटा, टोक दातात धरून, किती झरझर पगडी बांधतो! मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये पगडी बांधणाऱ्या शीख माणसाला हेल्मेटची सक्ती नाही, हे फार लोकांना ठाऊक नसतं.

हेल्मेट आता आपल्या सगळ्यांचं शिरस्त्राण झालंय, पण त्याची रीत अजून कुणी घालून दिलेली नाही. गावात ख्रिस्ती अंत्ययात्रा चालली की जुने लोक टोपी उतरवून उभे राहतात, तसं दुचाकीवरच्याने हेल्मेट काढून थांबावं, असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या दारी गेल्यावर ते डोक्यावर ठेवून घरधन्याशी बोलू नये, काच वर करूनही नाही. आणि तुळशी वृंदावनावर तर मुळीच ठेवू नये. हे मी रोज बघतो. अंगणात शिरल्यावर तेवढीच उंच जागा समोर दिसते, म्हणून माणूस तिथे टेकवतो आणि आत येतो. आतली बाई बघून गप्प राहते, कारण पाहुण्याला काय बोलणार?

म्हणून मी आमच्या ओसरीच्या भिंतीला खुंट्या मारल्या आहेत, दारातून दिसतील अशा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी आणखी माराव्या लागतील. घुमट वाजवून म्हणायच्या आरतीला येणारी सगळी पोरं दुचाकीवरच येतात.