आमचा गराडू गिनीच्या आखातात

डिसेंबरात माझी पुण्याची मावसबहीण आठवडाभर आमच्याकडे रामबागेत होती. इंदुरात आलेल्या पाहुण्याला सराफ्यात नेलं नाही तर तो पाहुणचार धरत नाहीत, म्हणून रात्री साडेदहाला निघालो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया पेटतात. भुट्ट्याचा कीस झाला, खोपरा पॅटिस झालं, मग गराडू. थंडीतच मिळणारा हा कंद तळून, वर लिंबू पिळून, तिखट मसाला टाकून देतात. ताईने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपल्या कोनफळाचा भाऊ!"

मी 19 फोटो काढले. फोन भाच्याने वापरून टाकलेला, म्हणजे त्याच्या भाषेत मला दिलेला. दुसऱ्या दिवशी ताईला दाखवायला फोटोंचा नकाशा उघडला, तर इंदुरावर एकही फोटो नाही. सगळे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात.

"तरीच पाय दुखताहेत," ताई म्हणाली.

पाहिलं तर अक्षांश शून्य, रेखांश शून्य. विषुववृत्त आणि ग्रिनिचची रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. फोनला आपण कुठे आहोत हे कळलं नव्हतं, आणि रकाना रिकामा सोडायच्या ऐवजी त्याने तिथे शून्य भरलं. जगभरात इतक्या लोकांचं इतकं सामान असं तिथे जाऊन पडतं, की नकाशावाल्यांनी त्या जागेला 'नल आयलंड', म्हणजे शून्य बेट, असं नावच देऊन टाकलंय. 2011 मध्ये एका फुकट मिळणाऱ्या नकाशासंग्रहात तिथे एक चौरस मीटरचं बेटही घातलं गेलं, चुका चटकन सापडाव्यात म्हणून. प्रत्यक्षात बेट वगैरे काही नाही. हवामानाच्या नोंदी घेणारा एक बोया तिथे नांगरलेला असायचा, त्याचं नाव 'सोल'. त्याच्या भावंडांची नावंही अशीच गाण्याबजावण्यातली आहेत. आमचे गराडूचे फोटो त्याच जागी.

आता मला याचा राग का यावा? कारण मी 31 वर्षं सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंगवर रोटरिंगच्या पेनाने पाण्याच्या लाइनी काढल्या आणि अमोनियाच्या वासात प्रिंटा काढल्या. ज्या गल्लीची मापं आलेली नसत ती जागा आम्ही कोरी सोडायचो आणि पेन्सिलीने बारीक लिहायचो, 'सर्वे शेष'. कामकाज हिंदीत, म्हणून 'शेष'. एकदा एका नवीन पोराने कोऱ्या जागेत अंदाजाने सरळ रेघ मारून दिली. साहेबांनी त्याला सगळ्या हॉलसमोर झापलं. जी लाइन नाहीच ती शोधायला उद्या कोणी तिथे रस्ता खोदणार होतं.

आणि लोक खोदतातच. 2016 मध्ये अमेरिकेतली एक बातमी आली होती. संगणकाच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून तो कुठला हे सांगणाऱ्या एका कंपनीला 'अमेरिकेत आहे' यापलीकडे काही कळलं नाही, तर ती देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू देत असे. आकडे सुटसुटीत हवेत म्हणून 38 आणि 97. तो बिंदू नेमका कॅन्ससमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या शेतघरावर पडला. 60 कोटींहून जास्त संगणकांचा पत्ता म्हणजे तिचं अंगण! वर्षानुवर्षं तिच्या दारात पोलीस, कराच्या खात्यातले लोक, चोरीचा माल शोधणारे, शिव्या द्यायला आलेले. बोभाटा झाल्यावर कंपनीने काय करावं? बिंदू उचलला आणि एका तळ्याच्या मध्यभागी नेऊन ठेवला. 'माहीत नाही' असं म्हणायला तरीही जीभ रेटली नाही.

तारखांचंही तेच. मागे मला एक मेसेज आला होता, तुमची तक्रार 1 जानेवारी 1970 रोजी पहाटे साडेपाचला नोंदवली आहे. त्या पहाटे मी पाच वर्षांचा होतो आणि बहुधा झोपलो होतो. संगणक सेकंद मोजायला सुरुवात करतात ते ग्रिनिचच्या 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून, आणि आपण साडेपाच तास पुढे. तारीख नसली की शून्य, आणि शून्य म्हणजे भारतात नेहमी पहाटेचे साडेपाच.

ताईला उज्जैनला न्यायचं ठरलंच होतं. महाकालाचं दर्शन आटोपून तिला जंतरमंतरवर नेलं. सवाई जयसिंगाच्या पाच वेधशाळांपैकी ही एक. मोडकळीला आलेली ही वेधशाळा 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. आपटे म्हटल्यावर ताईची मान जरा ताठ झाली. सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळाच्या, सावलीत 11 वाजून 13 मिनिटं झाली होती, माझ्या मनगटावर 11:40. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, उज्जैन 75.8 च्या आसपास. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणून 27 मिनिटांचा फरक. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घड्याळाच्या मानाने सूर्याची वर्षभर चालणारी मागेपुढेही जवळजवळ नसते, त्यामुळे हिशेब चोख जमला. ताई म्हणाली, "म्हणजे मी सत्तावीस मिनिटं उगाच लवकर उठले."

तिथेच मला आठवलं. आपल्या जुन्या ज्योतिषांची शून्य रेखांशाची रेषा याच उज्जैनवरून जायची. ती खाली विषुववृत्ताला जिथे मिळते त्या ठिकाणाला ते 'लंका' म्हणत. ही लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे. आजच्या नकाशावर तिथे मालदीवच्या पूर्वेचा नुसता समुद्र आहे. म्हणजे गिनीच्या आखातातल्या त्या बेटाआधी कित्येक शतकं आपल्याकडेही एक नल आयलंड होतं! पण त्यांनी ते शून्य समजून-उमजून, मोजायची सुरुवात म्हणून ठेवलं होतं. कुठलं गाव कुठे आहे ते ठाऊक नाही, तेव्हा ढकला त्याला लंकेत, असं त्यांनी केलं नाही. (1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य रेषेचा मान ग्रिनिचला मिळाला, तरी फ्रेंच 1911 पर्यंत पॅरिसची वेळ धरून बसले होते. आपण कोणी उज्जैनसाठी रुसलो नाही.)

हे सगळं मी ताईला परतीच्या रस्त्यावर सांगितलं. सांवेर येईपर्यंत ती झोपली होती.

ती पुण्याला पोचल्यावर तिला ते 19 फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि म्हटलं, बघ बरं तुझ्याकडे कुठे दिसतात. कुठेच दिसेनात. तिथून फोटो पाठवला की त्याला चिकटलेली जागा गळून पडते. रकाना कोरा. मला बरं वाटलं. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला: "मंडईत कोनफळ मिळालं. मसाल्यात नक्की काय काय असतं ते विचारून सांग, अंदाजाने नको."