आपखुशीनं की नाइलाजानं?

शाळेच्या महोत्सवानिमित्त आम्हा माजी विद्यार्थ्यांना आलेल्या पत्रात ‘शाळेविषयी लिहा’ असं म्हटलं आहे. मी बाईंविषयी लिहिणार आहे. तत्त्वज्ञानाच्या बाई म्हटलं की आपल्यापैकी कुणाला नाव सांगावं लागत नाही. मैदानावर, स्नेहसंमेलनावर लिहिणारे इतर पुष्कळ असतील.

बाई टिपणं उतरवून देत नसत. एखाद्या विचारवंताचं मत सांगण्याआधी त्या त्याच्यावरचा आक्षेप सांगत. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तशी आमची ओळख झाली ती बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथमुळे. मन आणि शरीर ही दोन निराळी द्रव्यं आहेत, मन जागा व्यापत नाही, असं देकार्तचं म्हणणं. 1643 साली 24 वर्षांच्या एलिझाबेथनं त्याला पत्र लिहून विचारलं की जे जागाच व्यापत नाही ते शरीराला हलवतं कसं? त्याच्या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही आणि तसं तिनं त्याला कळवलंही. हे सांगताना बाईंचा चेहरा फुलून यायचा. एवढ्या मोठ्या माणसाला एका तरुण वाचकानं अडवलं, याचा त्यांना मनापासून आनंद होता. वर्गातलं कुणी त्यांना अडवलं तरी तोच आनंद दिसे.

पण मला लिहायचंय ते कडीबद्दल. शेवटचा तास होता. घंटा होऊन गेली तरी बाई शिकवत होत्या आणि कुणीही उठलं नव्हतं. वर्ग रिकामा झाला असेल असं समजून कुणीतरी बाहेरून कडी लावून गेलं. तास संपवून बाई दारापाशी गेल्या तेव्हा ते कळलं. हाका मारायच्या सोडून त्या परत येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “आत्तापर्यंत तुम्ही इथे बसलात ते आपखुशीनं की नाइलाजानं?” आम्ही एका सुरात म्हणालो, “आपखुशीनं.” “जायचं ठरवलं असतं तर जाता आलं असतं?” “नाही.” “मग तुम्ही मोकळे होतात का?”

यावर कुणालाच पटकन बोलता येईना. मग त्यांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या दाखल्यातला माणूस सांगितला. झोपेत असताना त्याला एका खोलीत नेऊन ठेवलं आहे, बाहेरून कुलूप आहे. जागा होतो तर समोर त्याची आवडती व्यक्ती, जिला भेटायची त्याला आस होती. तो आनंदानं तिथेच गप्पा मारत बसतो. लॉक म्हणतो, त्याचं बसणं स्वेच्छेचं आहे, पण तो स्वतंत्र नाही. इच्छेप्रमाणे वागणं आणि वेगळं वागता येण्याची मोकळीक असणं या दोन गोष्टी आहेत, हे मला त्या बंद वर्गात जसं कळलं तसं नंतर कुठल्याच ग्रंथातून कळलं नाही. शिपाईकाका कडी काढायला आले, तरी आम्ही वाद घालतच होतो.

बाईंची खरी करामत पुढच्या सत्रात दिसली. विषय राज्यसत्तेचा होता. कायदा पाळायला मी बांधील का? लॉकचं उत्तर असं की राज्याच्या प्रदेशात नुसतं राहिलात, तिथल्या रस्त्यावरून प्रवास केलात, तरी तुम्ही मूक संमती दिलीत. त्यावर बाईंनी स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा 1748 सालचा निबंध काढला. झोपेत जहाजावर आणून टाकलेला माणूस, चारी बाजूंना समुद्र. बाहेर पडायचं तर उडी मारून जीव द्यायचा. तो जहाजावर राहिला म्हणजे त्यानं कप्तानाची सत्ता मान्य केली का? ज्याला परकी भाषा येत नाही, जो रोजच्या मजुरीवर जगतो, त्या गरिबाला देश सोडायचा पर्याय खरोखर असतो का, असं ह्यूम विचारतो. वाचून झाल्यावर बाईंनी फक्त दाराकडे पाहिलं. सगळा वर्ग एकदम म्हणाला, “कडी!”

त्यानंतर सॉक्रेटिस वाचला तो निराळ्याच नजरेनं. तुरुंगातून पळायची सोय झालेली असताना तो नकार देतो, कारण अथेन्सचे कायदे त्याला जणू म्हणतात, तू सत्तर वर्षं इथे राहिलास, हवं तेव्हा सामानसुमान घेऊन जाता आलं असतं. बाई म्हणाल्या, “त्याचं दार उघडं होतं असा त्याचा दावा आहे. तो तपासा, मग त्याला नावाजा.”

नीतिशास्त्रात कांट आणि मिल हे तत्त्वज्ञ झाले. परीक्षेपुरते सगळ्यांनाच झाले असतील. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन लिबेटचा 1983 सालचा प्रयोग मात्र बाईंनी नीट समजावला. हात हलवण्याची इच्छा जाणवण्याआधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसते. म्हणजे इच्छास्वातंत्र्य संपलं, असं आम्ही घाईनं म्हटलं. बाईंनी विचारलं, “त्या लोकांना काय करायला सांगितलं होतं?” कारण नसताना, वाटेल तेव्हा मनगट हलवायचं. “कारणं तोलून घेतलेला निर्णय यात कुठे आहे?”

आज मी एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर आहे. संशोधनात भाग घेणाऱ्यांची संमतीपत्रं आमच्यासमोर येतात. माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांसाठी नियम घालून देणाऱ्या 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम स्वेच्छेनं दिलेल्या संमतीचं आहे, आणि ती देणाऱ्याला निवडीचं खरं स्वातंत्र्य असलं पाहिजे, असं ते सांगतं. सही आहे ना, मग झालं, असं कुणी म्हणालं की मी विचारते, नाही म्हटलं असतं तर या रुग्णाचे उपचार तसेच चालू राहिले असते का? याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत मी प्रस्ताव पुढे जाऊ देत नाही. समितीत हा माझा हट्ट समजला जातो. तो बाईंचा आहे.

बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी आपल्या शाळेतला हा विषयच बंद झाला, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. विद्यार्थी मिळत नाहीत, असं कारण ऐकलं. आम्हीही काही तो विषय निवडून आलो नव्हतो. वेळापत्रकात होता म्हणून बसलो, आणि बाईंमुळे राहिलो. महोत्सवी निधीतून इमारतीला रंग जरूर द्या. पण आठवड्यातून एक तास या विषयाला परत द्या, परीक्षा नसली तरी चालेल. शिकवायला कुणी मिळत नसेल तर मी यायला तयार आहे. बाईंच्या हाताखाली शिकलेले आणखी काही जणही आनंदानं येतील. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे.