पाय बंद, तोंड चालू

आपल्या शाळेच्या जुन्या हॉलमधलं लाकडी व्यासपीठ आठवतंय का कुणाला? गुडघाभर उंचीचं, एका कोपऱ्यातली फळी दाबली की करकरणारं. बक्षीस समारंभाला त्यावर पाहुणे बसायचे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही सोळा-सतरा मुली त्यावर नाचायचो. एका वेळी जेमतेम आठ जणी मावायच्या. बाकीच्यांनी खाली शहाबादी फरशीवर बसून हाताने ताल धरायचा. फरशीवर तत्कार, म्हणजे कथकचं तालावरचं पायकाम, करायला बाईंची सक्त मनाई होती. "दगड पाय परत ढकलतो गं, लाकूड घेतं," असं त्या म्हणायच्या. हे विधान आम्हाला विज्ञानाच्या तासाला तपासून पाहायचं होतं, ते राहूनच गेलं.

बाई म्हणजे नृत्याच्या बाई, असं आज सगळे म्हणतात. खरं तर त्यांची नेमणूक 1974 साली शिवणाच्या शिक्षिका म्हणून झाली होती. नृत्याची जागा शाळेत नव्हतीच. काजं-बटणं, हेम, झबलं-टोपडं हे त्यांचं पगाराचं काम आणि शनिवारचा कथकचा वर्ग फुकटचा. आमच्या शिवणाच्या वहीत त्यांनी कधी लाल शाईने रागाने काही लिहिल्याचं आठवत नाही, पण तीनतालाच्या वहीत मात्र पानंच्या पानं लाल असायची. भातखंडे पद्धतीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, × आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात सोडायच्या मात्रेला, 0, तर पलुस्कर पद्धतीत समेला 1 आणि खालीला +. ही अदलाबदल केली की बाई वही न बोलता परत करायच्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असायचं.

मी नाचात वाईट होते, हे इथे स्पष्ट लिहून टाकते, नाहीतर माझ्या तुकडीतल्या मैत्रिणी लिहायला लावतील. उजवा पाय बरा पडायचा, डावा उशिरा यायचा. पहिलं वर्षभर घुंगरू कुणालाच नाही. घुंगरू चूक झाकतं, आधी कोरडा पाय ऐकू दे, हा बाईंचा नियम. माझा कोरडा पाय सगळ्या हॉलला ऐकू जायचा.

पण माझं काम वेगळ्याच कारणाने झालं. हॉलच्या खालच्या वर्गात शनिवारी दहावीचे गणिताचे जादा तास असत. आमच्या तत्काराने छताची धूळ मुलांच्या वह्यांवर पडते, अशी तक्रार वर आली. बाईंनी वाद घातला नाही. त्या हॉलमध्ये आल्या, टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "आजपासून पहिला अर्धा तास पाय बंद, तोंड चालू." म्हणजे पढंत. मांडी घालून बसायचं, हाताने टाळी-खाली दाखवायची आणि बोल म्हणायचे. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आधी ठाय म्हणजे संथ, मग दुगुन म्हणजे दुप्पट, मग चौगुन म्हणजे चौपट वेगाने. मुली कंटाळल्या. मला मात्र पहिल्यांदाच वर्गात बरं वाटलं, कारण माझ्या जिभेला डावं-उजवं नव्हतं.

तिहाईचं, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येण्याचं, गणित बाईंनी मला त्याच दिवसांत समजावलं. तीनताल सोळा मात्रांचा. पाच मात्रांचा एक तुकडा म्हण, एक मात्रा थांब. पुन्हा तोच तुकडा, पुन्हा एक थांब, पुन्हा तुकडा. किती झाल्या?

"सतरा."

"आणि तालात किती?"

"सोळा. बाई, मग एक जास्त होतेय."

"म्हणून तर!"

मी दोनदा बोटांवर मोजलं आणि मग कळलं की सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. खालच्या वर्गातल्या जादा तासांनी पुढे माझं गणित किती सुधारलं ते सोडून द्या, पण बँकेत बत्तीस वर्षं आकडे जुळवताना मी कितीदा तरी मनात त्या सतराव्या मात्रेवर आले आहे.

बाईंचं स्वतःचं शिकणं सरळ झालं नव्हतं. त्या नदीजवळच्या एका वाड्यात वाढल्या. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी 1947 साली नृत्यभारती सुरू केली होती. लखनौच्या लच्छू महाराजांकडून आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडून घेतलेलं कथक त्या इथल्या मुलींना शिकवत होत्या. तरी बाईंच्या घरात नाच म्हटला की वडील ताट सरकवून उठत. रोहिणीताईंच्याच एका शिष्येकडे बाई शिकायला जायच्या, तेही आजीच्या वशिल्यावर. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि वाड्यात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गाळातून त्यांनी आपले घुंगरू शोधले. दोऱ्या कुजलेल्या, एकेक घुंगरू चिखलाने भरलेलं. "पुरे झालं आता" असं वर्षभर म्हणणारी आईच मग शेजारी बसून काडीने चिखल कोरत राहिली आणि नव्या सुती दोरीत एकेक गाठ मारून तिने ते पुन्हा ओवले. एका पायाचे शंभर भरले नाहीत. बाईंनी तो कमी भरलेला पट्टा आम्हाला एकदा हातात दिला होता. हलवून पाहिला तर मधल्याच काही घुंगरांचा आवाज बसलेला होता.

कार्यक्रम त्यांनी केले, पण थोडे. गणपतीच्या मांडवात पिंपांवर टाकलेल्या फळ्यांवर त्या नाचल्या, टिळक स्मारकला आणि बालगंधर्वला समूहात नाचल्या. एका मंडळाने ठरलेलं मानधन न देता नारळावर बोळवण केली आणि तबलजींचे पैसे बाईंनी पदरचे दिले, ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. मोठी नर्तकी झाले नाही, हेही तितक्याच सहज सांगायच्या. तबला, लेहरा (ताल धरून ठेवणारी धून वाजवणारी साथ), पोशाख यांचा खर्च शिवणाच्या पगारात बसत नव्हता, एवढंच कारण. त्यागबिग शब्द कुणी वापरला की चिडायच्या.

मला त्यांची सगळ्यात जास्त आठवते ती 1987 ची परीक्षा. आम्ही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेला बसलो होतो आणि त्याच केंद्रावर, त्याच दिवशी, चाळिशी ओलांडलेल्या बाई अलंकारला, म्हणजे विशारदच्या पुढच्या परीक्षेला, बसल्या होत्या. विशारद झाल्यावर मधली कितीतरी वर्षं राहून गेलं होतं. आमच्यासारखीच ओढणी पिनांनी घट्ट केलेली, कपाळावर घाम, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून पुटपुटणं चालू. मला म्हणाल्या, "विचार गं मला, अष्टनायिका." म्हणजे प्रेमातल्या अवस्थांवरून ठरवलेल्या आठ नायिका. मी त्यांचीच वही उघडून बसले. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनपतिका, कलहांतरिता, खंडिता, प्रोषितभर्तृका, अभिसारिका... आणि थांबल्या. आठवी येईना. सातवी-आठवीतल्या आम्ही पोरी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग फुटलोच. विप्रलब्धा! संकेतस्थळी जाऊन बसलेली आणि जिचा प्रियकर आलाच नाही, ती. "ती नेहमीच राहते बिचारी," असं म्हणून बाई स्वतःही हसल्या आणि लगेच आत त्यांचं नाव पुकारलं गेलं.

निकाल लागला तेव्हा बाईंना पहिला वर्ग मिळाला नाही. सोमवारी शिवणाच्या तासाला त्यांनी हे आम्हाला उभ्याउभ्या सांगितलं. ठाट कमी पडला म्हणाल्या. ठाटात करायचं असतं जवळजवळ काहीच नाही. उभं राहायचं, मनगट, मान, भुवई एवढंच हलवायचं आणि समेवर यायचं. "मला घाई होते," त्या म्हणाल्या. मग आमचं हेम तपासायला घेतलं. पुढे वर्षभर त्या दर रविवारी आपल्या गुरूंकडे पुन्हा ठाट शिकायला जात होत्या. आमच्या वर्गात आल्या की तिथे काय चुकलं तेही सांगायच्या. शिक्षक चुकतो आणि चूक घरी नेऊन त्यावर रियाज करतो, हे मी दुसऱ्या कुठल्या वर्गात पाहिलेलं नाही. बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये.

स्नेहसंमेलनात त्यांनी मला तबल्याशेजारी पढंतीला बसवलं. आई म्हणाली, सगळ्या नाचतायत आणि तू नुसती बोलतेस का? बाईंनीच तिला उत्तर दिलं, "काकू, ती बोलतेय म्हणून त्या नाचतायत."

गेल्या महिन्यात स्मरणिकेसाठी फोटो मागायला मी कोथरूडला त्यांच्याकडे गेले. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, वॉकर हाताशी. अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमात आताच्या मुली कथक सादर करणार आहेत हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नव्या हॉलला जमीन कसली आहे?"

"टाइल्स, बाई. खूप सुंदर केलाय हॉल."

"मग मुलींना नाचवू नका."

मी समितीला तसं कळवलं. पुष्कळ चर्चा झाली, खर्चाचा मुद्दा निघाला, शेवटी आमच्या तुकडीने वर्गणी काढली. शुक्रवारी संध्याकाळी फळ्या येतायत. उतरवून घ्यायला चार माणसं लागतील, ज्यांना जमेल त्यांनी साडेपाचला यावं.

— माजी विद्यार्थिनी, दहावी 1989