लाकडी लुअरला पाणी लागू न देण्याची खटपट

घरी लुअर, म्हणजे गळाला लावायचा नकली मासा, करणाऱ्या बहुतेकांचा जीव रंगात अडकतो. माझा क्लिअर कोटात, म्हणजे वरून द्यायच्या पारदर्शक थरात, अडकला. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, सगळी गोष्ट तिथून सुरू होते. वरचा थर कितीही चकचकीत असू दे, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून पाणी आत शिरलं की लाकूड फुगून तो थर आतून तडकवतं, आणि त्या तड्यातून आणखी पाणी शिरतं. पोटात शिसं बसवून साधलेला तोल जातो, लुअर एका कुशीवर कलून पोहायला लागतो. मरळ मग त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून क्लिअर कोटाचं काम रंगानंतर सुरू होतं असं मी मानत नाही. लाकूड तासून झालं की ते सुरू होतं.

मी शिवण वापरतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला गेलं की सुताराकडे शिवणाचे तुकडे मिळतात. हलकं, एकसारख्या रेषांचं, चाकूला मऊ. सावंतवाडीची खेळणी पूर्वी ज्या पांगाऱ्याची करत, तो याहून हलका, पण पाणी फार ओढतो. साग टिकाऊ खरा, पण जड आणि तेलकट; थिनरनं नीट पुसल्याशिवाय त्यावर थर धरत नाही.

तासलेला तुकडा खरंच सुकला की नाही, हे हाताला कळत नाही. सोनारी पद्धतीचा छोटा डिजिटल काटा घेतला आणि हा प्रश्न मिटला. तुकडा रोज काट्यावर ठेवायचा. वजन उतरायचं थांबलं की सुकला. पावसाळ्यात ते थांबतच नाही, उलट एखाद्या दिवशी वाढतं. तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात चाळीस वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून, खोक्याला वर भोकं पाडून, तुकडे बल्बपासून वीतभर लांब टांगतो.

मग सीलिंग. कशानं करावं यावर प्रत्येकाचं मत वेगळं, म्हणून एकाच पट्टीचे सारखे तुकडे कापून रात्रभर बादलीत बुडवून ठेवले आणि आधी-नंतर वजन केलं. कोऱ्या तुकड्यानं सगळ्यात जास्त पाणी घेतलं, हे सांगायला नको. डबल बॉइल्ड जवसाचं तेल पाजलेल्यानं कमी घेतलं, पण घेतलं. लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे दोन हात दिलेला त्याहून बरा. पातळ फेविक्विक मुरवलेला आणि पातळ एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळलं की घट्ट होणारं मिश्रण) गरम करून चोळलेला, हे दोघं जवळजवळ कोरडे निघाले. फेविक्विकची वाफ डोळ्यांना झोंबते, शिवाय मोठ्या लुअरला ते परवडत नाही. त्यामुळे आता पहिला हात एपॉक्सीचाच. लाकूड बल्बच्या खोक्यातून कोमट बाहेर काढायचं आणि लगेच एपॉक्सी लावायचं. लाकूड निवताना आतली हवा आकसते आणि थर आत ओढला जातो. उलटं केलं, म्हणजे थर लावून मग गरम केलं, तर हीच हवा फुगून बुडबुडे बाहेर ढकलते.

जवसाचं तेल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तेलाची चिंधी चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं; गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून सुकवून मगच टाका.

पाणी शिरण्याची खरी जागा पोट किंवा पाठ नसते. ती हुकचा आकडा जिथे बसतो ते भोक असते. हा आकडा म्हणजे स्क्रू आय, टोकाला कडी असलेला स्क्रू. तो बसवताना लाकूड चिरतं, आणि मासा लागला की तो आकडा प्रत्येक झटक्याला हलतो. मी आधी बारीक भोक पाडतो, त्यात टाचणीनं एपॉक्सी सोडतो, आय फिरवत बसवतो आणि बाहेर आलेलं एपॉक्सी तिथेच गोल राहू देतो. लुअरच्या तोंडाशी असलेली पॉलीकार्बोनेटची (पारदर्शक प्लास्टिकची) पट्टी, म्हणजे लिप, जिथे बसते त्या खाचेलाही हेच. या दोन जागा नीट झाल्या तर वरचा कोट थोडा उन्नीस-बीस असला तरी चालतो, हे माझं ठाम मत आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग वरून सुकलेले वाटले तरी आत ओल धरतात, आणि ती ओल क्लिअरखाली अडकली की दुधाळ डाग दिसतो. परमनंट मार्करनं काढलेले खवले एपॉक्सी लावताच पसरतात. रंगावर आधी पातळ स्प्रेचा हलका हात मारला की ते जागच्या जागी राहतात. रंगवलेल्या लुअरला उघड्या हातानं धरायचं नाही. बोटाच्या तेलानं क्लिअर त्या जागेवरून मागे सरतो आणि गोल खड्डा पडतो.

रविवार पेठेत बोहरी आळीत गेलं की एपॉक्सीच्या बाटल्यांनी दुकानदार टेबल भरून टाकतो. दोनास एक, तिनास एक, एकास एक. बाटलीवरचं प्रमाण वजनानं आहे की मापानं, हे आधी वाचावं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाचं प्रमाण काट्यावर घेतलं तर चुकतं. मी मेडिकलमधून बिनसुईच्या दोन सिरिंज आणतो, एक रेझिनची, एक हार्डनरची, आणि त्या कधीच अदलाबदल करत नाही. ढवळताना कपाच्या कडा आणि बूड खरवडत राहायचं, मग सगळं दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळायचं. चिकट राहिलेल्या बहुतेक लुअरचं कारण कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन असतं.

ऋतूचा हिशेब वेगळाच. तापमान दहा अंशांनी वाढलं की एपॉक्सी साधारण दुप्पट वेगानं घट्ट होतं. एप्रिल-मेच्या दुपारी कपातलं मिश्रण हातातच तापून जेली होतं, म्हणून उन्हाळ्यात पहाटे काम, थोडं मिश्रण, आणि ते कपात ठेवण्यापेक्षा पसरट झाकणात. जुलैमध्ये अडचण उलटी. दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि वर मेणचट थर धरतं. त्यावर पुढचा कोट चढवला तर सोलून निघतो. थिनरनं पुसलं तर तो नुसता पसरतो. कोमट पाणी, साबण आणि हिरवी घासणी यानं स्वच्छ निघतो. मग कोरडं करून चारशे नंबरच्या पेपरनं घासायचं आणि पुढचा हात.

ओघळ येऊ नये म्हणून लुअर फिरता ठेवावा लागतो. बाहेरदेशी यासाठी खास यंत्रं मिळतात. इथे पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कूलरच्या झडपा हलवणारी छोटी सिंक्रोनस मोटर स्वस्तात मिळते. मिनिटाला पाच-सहा फेरे, एवढंच हवं. मोटरला लाकडी फळी, फळीला क्लिपा, समोर दुसरा आधार, आणि धूळ बसू नये म्हणून वरून उलटा क्रेट. मिश्रण घट्ट होईपर्यंत, म्हणजे पाच-सहा तास, ती थांबता कामा नये. काम सुरू करण्याआधी आमच्या भागातली वीज कधी जाणार आहे ते बघतो.

एपॉक्सीचा दोष म्हणजे वजन. ते पाण्यापेक्षा जड आहे. बोटभर लुअरवर दोन जाड हात चढले की तरंगणारा लुअर बुडायला लागतो आणि त्याची थरथर मरते. छोट्या लुअरसाठी मला टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचं पॉलियुरेथेन पॉलिश, पटलं, तेही गल्लीतल्या पॉलिशवाल्या काकांमुळे. दरवाजे-फर्निचरवर ते आयुष्यभर तेच मारत आलेत. मी मेलामाइन या दुसऱ्या पॉलिशचं विचारलं तर म्हणाले, "दादा, मेलामाइन कपाटाला. पाण्यात राहणाऱ्या वस्तूला पीयू मार. आणि दोन पातळ हात मार, एक जाड नको." पूर्ण सेट माझ्या कामाला फार होतो, म्हणून ते त्यांच्या कामातलं उरलेलं तेवढं मला देतात, मी त्यात लुअर बुडवतो आणि हळूहळू वर ओढतो. हार्डनरचा उघडा डबा हवेतल्या ओलीनं घट्ट होतो, त्यामुळे साठवणीचा प्रश्नच येत नाही.

पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला वाईट. एकदा त्याची ॲलर्जी झाली की दमा मागे लागू शकतो. कापडी मास्क किंवा साधा एन-९५ त्या वाफेला काहीच करत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि मोकळी गच्ची. घरात लहान मूल असेल तर खोलीत हे काम नकोच.

सुकल्यावर घाई नको. एपॉक्सी दुसऱ्या दिवशी कडक लागलं तरी पूर्ण पक्कं व्हायला आठवडा लागतो. मुळशीला किंवा उजनीच्या फुगवट्याला निघताना टॅकल बॉक्स बंद गाडीच्या काचेखाली ठेवू नका. साधं एपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडतं, आणि शेजारच्या ट्रेबलचे, म्हणजे तीन टोकांच्या हुकचे, दात त्यात रुततात. रबरी आमिषंही वेगळ्या कप्प्यात ठेवा. त्यातलं तेल बऱ्याच कोटांना चिकट करतं.

मरळीचे दात लागल्यावर घरी येऊन प्रत्येक लुअर उजेडात तिरका धरून बघतो. नुसता ओरखडा असेल तर सोडून देतो. लाकूड दिसत असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करत नाही. बल्बच्या खोक्यात वजन स्थिर होईपर्यंत सुकवतो, जखमेच्या कडा घासतो, आणि काडीच्या टोकानं एपॉक्सीचा थेंब भरतो. ओल्या लाकडावर थेंब टाकला तर ओल आत कोंडते, आणि पुढच्या उन्हाळ्यात नेमका तिथूनच कोट उठतो.