चकची चावी

कोल्हापुरातील एका शाळेच्या कार्यशाळेत मी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून त्याला आकार देणारे यंत्र, चालवायला शिकवतो. उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांमुळे येथील अनेक मुलांच्या नात्यागोत्यात एखादा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, असतोच; त्यामुळे त्यांना यंत्राची भीती मुळातच कमी, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

पहिल्या तासाला मी यंत्र सुरू न करता केवळ चकची, म्हणजे कापायचा तुकडा घट्ट धरून फिरवणाऱ्या लेथच्या भागाची, चावी हातात देतो. जॉब, म्हणजे हा कापायचा तुकडा, आवळल्यावर चावी चकमध्येच राहिली आणि मोटर सुरू झाली, तर ती गोफणीतील दगडासारखी भिरकावली जाते; म्हणून चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही. विद्यार्थी असताना मी स्वतःच ती विसरलो होतो. माझ्या कानाजवळून जाऊन ती पत्र्याच्या कपाटावर आदळली, आणि तो पोचा मी पुढे वर्षभर पाहत होतो.

हातमोज्यांबद्दल पालक हमखास विचारतात. मोजे हात वाचवतील असे वाटते खरे, परंतु फिरत्या जॉबने मोज्याचा एक धागा जरी पकडला, तरी मोज्यासह हातही आत ओढला जातो. मनगटातील दोरा, कडे, सैल बाही यांचेही तेच. जॉबवरून सुटणारा लांब, वेटोळा कीस गरम आणि पात्यासारखा धारदार असतो. तो यंत्र थांबवून, आकडीने किंवा ब्रशनेच काढावा.

वेगाचे गणित मात्र मुलांना आवडते. हायस्पीड स्टीलच्या टूलने मऊ पोलाद मिनिटाला सुमारे ३० मीटर वेगाने कापायचे, तर २५ मिलिमीटर व्यासाच्या जॉबला मिनिटाला साधारण ३८० फेरे पुरतात. गॉगलबाबत मी चर्चाच करत नाही; तो घालायचाच.