कुठल्या डोळ्याचा पांढरा?

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेलं गिऱ्हाईक आलं की आमच्या टीव्ही-फ्रीजच्या दुकानातल्या मजल्यावरची मुलं हळूच फ्रीजच्या बाजूला सरकतात. प्रेस म्हणजे वर्तमानपत्राची नव्हे. नाशिककर नुसतं ‘प्रेस’ म्हणतात तेव्हा ती नोटांची तरी असते, नाहीतर पोस्टाची तिकिटं आणि पासपोर्ट छापणारी. तिथे आयुष्य गेलेला माणूस वस्तूत आधी खोट शोधतो, मग किंमत विचारतो. अशाच एका काकांनी खाली काउंटरवर ओळख सांगितली आणि ती बातमी त्यांच्या आधी जिना चढून वर आली. काका-काकू पोचले तेव्हा मोकळी अशी मी एकटीच उरले होते. एरवी उलटं असतं. टीव्हीच्या सेक्शनला बाई दिसली की लोक माझ्याच तोंडावर विचारतात, ‘समजावून सांगायला कोणी आहे का?’

दिवस नवरात्राचे, साल २०२५. घटस्थापना आणि जीएसटीची कपात दोन्ही २२ सप्टेंबरलाच आल्या होत्या. बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि सगळं नाशिक ‘दहा टक्के कमी करा’ म्हणत दुकानात शिरलं. अहो, लाखाची वस्तू करासकट १,२८,००० ला मिळायची, ती आता १,१८,००० ला. म्हणजे बिलात आठ टक्क्यांनाही थोडी कमीच घट. हे मांडून दाखवलं की लोक असं बघतात, जणू उरलेले दोन टक्के मी पर्समध्ये घातलेत. बाहेर कालिकेच्या यात्रेची गर्दी, आत हे.

काकांनी कराचं काढलंच नाही. भिंतीवरच्या संचांसमोरून एक फेरी मारली आणि म्हणाले, “यातला घरी गेल्यावर असाच दिसणारा कुठला?”

खरं उत्तर होतं, एकही नाही. दुकानातला टीव्ही ‘स्टोअर मोड’वर असतो. त्यात उजेड कमाल आणि रंग भडक. पांढरा रंग मुद्दाम निळसर ठेवलेला असतो, कारण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पांढऱ्यांपैकी निळसर पांढरा माणसाला जास्त स्वच्छ वाटतो. आपली ट्यूबलाइटही तशीच असते, मग त्या उजेडात टिकायला प्रत्येक कंपनीचा संच शेजारच्यापेक्षा अजून थोडा ओरडतो. या मोडमध्ये तुम्ही सेटिंग बदललंत तरी काही मिनिटांनी ते आपोआप मूळ पदावर येतं. घरी बसवायला गेलेला मुलगा घाईत ‘होम’ऐवजी ‘स्टोअर’ दाबून निघून जातो आणि आठ दिवसांनी तक्रार येते, ‘टीव्ही सेटिंग विसरतो.’ पॅनेल बदलून द्या म्हणून भांडणारे लोक मी पाहिलेत.

डेमोच्या चित्रफितींचंही तसंच. मधाची धार, पोपटाची पिसं, काळ्या पार्श्वभूमीवर उमलणारं फूल, सगळं संथ. संथ का? चेंडू सीमारेषेकडे पळताना त्याला शेपूट फुटते ती दिसू नये म्हणून. स्टिकरवर ‘मोशन २००’ लिहिलेलं असलं तरी आतलं पॅनेल सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलणारं असू शकतं. ‘मोशन’च्या पुढचा आकडा कंपनीने आपल्या मनाने ठरवलेला असतो, विचारायचं ते पॅनेलचे हर्ट्झ, म्हणजे ते सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं. बारा-पंधरा हजारांचा फोन घेताना तास तास व्हिडिओ बघणारी पोरं टीव्ही घेताना मात्र स्टिकरवरचा मोठा आकडा बघून पैसे मोजतात.

काकांनी खिशातून छोटं भिंग काढलं. छपाईवाले ठिपके तपासायला वापरतात ते, दहापट. चष्मा कपाळावर सारून ते थेट पडद्याला भिडले. मलाही वाकायला लावलं. लाल, हिरवा, निळा, अशा ओळीने उभ्या पट्ट्या. एका संचात सरळ, शेजारच्यात बाणाच्या टोकासारख्या वाकलेल्या. हे मी त्यांना सांगू शकले याचा मला अजून आनंद होतो. सरळ पट्ट्यांचं ते व्हीए पॅनेल, त्यात काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण कडेच्या खुर्चीवरून रंग फिकटतात. वाकड्या पट्ट्यांचं ते आयपीएस, कुठूनही बघा तसंच, पण अंधारात त्याचा काळा राखाडी होतो. एकाच मॉडेलच्या दोन आकारांत दोन वेगळी पॅनेलं असू शकतात आणि खोक्यावर ते कुठेही छापलेलं नसतं. पलीकडच्या, ओलेड या तिसऱ्याच प्रकारच्या पॅनेलच्या संचात काकांना चौथी, पांढरी पट्टी सापडली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “म्हणजे पांढरा हे लोक तीन रंगांतून बनवतच नाहीत? वेगळा ओततात?”

काकूंच्या पिशवीत फॉल-पिको करून आणलेली येवल्याची पैठणी होती. जांभळी, मोरपंखी काठाची. काकांनी ती दुकानाच्या दर्शनी काचेजवळ नेऊन उन्हात तिचा फोटो काढला आणि माझ्याकडून पेन ड्राइव्हवर घालून घेतला. मी म्हटलं, “काका, फोनचा कॅमेराही लाली-पावडर लावतोच.” ते म्हणाले, “लावू दे की. मी फोटो साडीशी ताडत नाहीये. एकाच फोटोची किती सोंगं होतात ते बघतोय.” एकीकडे जांभळ्याचा निळा झाला, एकीकडे जर लिंबासारखी पिवळी पडली. एका संचावर मोरपंखी काठ इतका पेटला की काकू म्हणाल्या, “ही आपली नाहीच.”

मग त्यांना होम थिएटरच्या पडदा लावलेल्या खोलीत नेलं. मॅनेजरचा चेहरा उतरला. गर्दीच्या दिवशी एका गिऱ्हाइकावर इतका वेळ म्हणजे बाहेर दोन बिलं बुडाली, असा त्यांचा हिशोब असतो, आणि पगार त्याच हिशोबातून होतो. खोलीत मी संच होम मोडवर आणला, मग ‘सिनेमा’वर. कार्यक्रम आणि सिनेमे ज्या पांढऱ्यावर तयार होतात तो ६५०० केल्व्हिनचा (पांढऱ्याची छटा मोजायचं एकक), दुकानातल्यापेक्षा पुष्कळ उबदार. या मोडमध्ये टीव्ही त्याच्या सर्वांत जवळ येतो. मला वाटलं, छपाईतला माणूस, आता खूश होईल.

काकांनी हाताने डावा डोळा झाकला. मग उजवा. मग परत डावा. “उजव्याने बरोबर आहे,” ते म्हणाले, “आणि डाव्याने सगळं हळदीत बुडवलंय.”

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन श्रावणात झालं होतं. डाव्याचं दिवाळीनंतर व्हायचं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग आत यायचा कमी होतो. ते इतकं सावकाश होतं की मेंदू जुळवून घेतो, माणसाला पत्ताच लागत नाही. भिंग बदललं की निळा एकदम परत येतो. काका सांगत होते, पट्टी काढल्यावर घरी गेले तर न्हाणीघराच्या टाइल्स पांढऱ्या निघाल्या. ते इतकी वर्षं त्यांना बदामी समजत होते.

मी परत भडक मोड लावला. आता डाव्या डोळ्याला पांढरा बरोबर, उजव्याला निळाशार. काका खुर्चीत बसले. “जन्म छपाईच्या शेड पास करण्यात गेला,” ते म्हणाले. “आता कुठल्या डोळ्याने पास करू ते सांग. आणि शेवटची दोन-चार वर्षं मी तिथे जे पास केलं, ते कुठल्या डोळ्याने?” मग स्वतःच म्हणाले, “मोजायला यंत्र होतं म्हणा. पण सही माझी होती.”

मला काय बोलावं कळेना. तेवढ्यात कंपनीने दुकानात बसवलेला डेमोवाला मुलगा आत डोकावला आणि म्हणाला, “काका, व्हिव्हिडवरच ठेवा, ब्राइट दिसतं.” या पोरांना पासष्ट इंचांमागे इन्सेंटिव्ह असतो. तो मलाही असतो, लपवत नाही. पण समोर काय चाललंय तेवढं तरी बघावं.

सुटका काकूंनी केली. “अहो, माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. मला विचारा की.” मी सेट-टॉप बॉक्स जोडला, कारण काकूंच्या मालिका साध्या पॅकवर येतात, एचडी नव्हे. तिथे मोठ्या पडद्याची फजिती होते. कमी रेषांचं चित्र टीव्हीला ताणून भरावं लागतं, आणि पासष्ट इंचांवर नायिकेचा चेहरा मेण लावल्यासारखा दिसत होता. पंचावन्नवर माणसाचा. आणि त्यांचं सागवानी शोकेस साडेचार फुटांचं, म्हणजे १३७ सेंटीमीटर. पासष्ट इंची टीव्ही रुंदीला १४४ भरतो. हे मी पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवं असं लोकांना वाटेल. विचारलं होतं. काका म्हणाले होते, “शोकेस कापू.” काकूंनी ते तेव्हा ऐकलं नव्हतं.

पंचावन्नचा व्हीए संच गेला. बसवायला जाणाऱ्या मुलाला मी रंगाची छटा मधल्या पायरीवर ठेवायला सांगितलं, ना गार ना उबदार. दोन्ही डोळ्यांना थोडं थोडं चूक.

त्यानंतर माझ्या डोक्यातून ते जाईना. मॅनेजरना मनवून भिंतीवरचा एक संच मी सिनेमा मोडवर ठेवला, तोही चांगल्यापैकी महागडा. लोक थांबायचे आणि म्हणायचे, “हा पिवळा का पडलाय? डिस्प्ले पीस जुना आहे का?” त्याच्याकडे बोट दाखवून कोणी किंमतही विचारेना. मॅनेजरनी दिवाळीच्या आत तो परत भडकवला, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तोच संच घरी एकटा लागला असता तर दोन दिवसांत कोणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण डोळा सवय करून घेतो. रांगेत उभा केला की मात्र तो आजारी दिसतो. मग आम्ही भिंतीवर विकतो ते खोटं म्हणायचं, की गिऱ्हाइकाच्या डोळ्याला हवं तेच देतो म्हणायचं? काका असते तर त्यांनी विचारलं असतं, कुठल्या डोळ्याला.

जानेवारीत त्यांचा फोन आला. डाव्याचंही झालं होतं. “आता दोन्ही एकमताने बोलतात. तो मधला काढ आणि खरा लावून दे.” मी फोनवरून एकेक बटण सांगत त्यांना पिक्चरच्या मेनूत नेलं आणि छटा उबदार करवून घेतली. मिनिटभरात फोन काकूंनी ओढला. “बाळ, यांनी काहीतरी पिवळं करून ठेवलंय. दिवाळीत किती छान दिसत होता.”

त्या कंपनीच्या टीव्हीत प्रत्येक जोडणीचं सेटिंग वेगळं राहतं. म्हणून तोड काढली. काका सिनेमे टीव्हीतल्याच अ‍ॅपवर बघतात, तिथे उबदार. काकूंच्या मालिका सेट-टॉप बॉक्सवरून येतात, तिथे मधला. दोघांनाही पटलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात काका म्हणाले, “आणि बातम्या? त्या आम्ही दोघं मिळून बघतो.”

बातम्या बॉक्सवरून येतात, म्हणजे काकूंच्या पांढऱ्यात. मी तसं सांगितलं. काका म्हणाले, “मग मी पेपर वाचीन.”