गप्पीची पिल्लं आणि चहाची दुसरी गाळणी

आमच्या घरात चहाच्या दोन गाळण्या आहेत. एक चहाची आणि दुसरी माशांची, आणि दुसरीच्या दांड्याला मी लाल दोरा बांधलाय कारण एकदा पाहुणे आलेले असताना गडबड होता होता राहिली होती, आईने ती गाळणी चहाच्या पातेल्यावर धरलीच होती. तेव्हापासून लाल दोरा.

हे सगळं सुरू झालं ते मुलीमुळे. तिला मासे हवे होते, मला वाटलं गप्पी आणू, स्वस्त असतात, मरत नाहीत (हे दुकानवाल्याने सांगितलेलं, दोन्ही अर्धसत्य). एक नर, तीन माद्या. नर एकच का तर गप्पीचा नर दिवसभर मादीच्या मागे असतो, खाणंपिणं सोडून, त्यामुळे एका नराला दोन-तीन माद्या असल्या की त्रास विभागला जातो नाहीतर एकटी मादी थकून मरते. मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं बाबा गप्पी म्हणजे गप्पा मारणारे मासे का. मी हो म्हणून टाकलं, नंतर वाचलं तर त्रिनिदादमध्ये रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचा माणूस होता, त्याने हे मासे ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये गुंथर नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच्या नावावरून माशाचं नाव ठेवलं. नंतर कळलं की पीटर्सने १८५९ मध्येच वेगळ्या नावाने त्याची नोंद केलीये, म्हणून गुंथरचं शास्त्रीय नाव गेलं पण गप्पी चिकटलं ते चिकटलंच.

तीन आठवड्यांनी एका सकाळी स्पंज फिल्टरच्या मागे काहीतरी हललं. मला वाटलं कचरा. जवळून बघितलं तर कचऱ्याला डोळे होते. एकच पिल्लू, साधारण सहा-सात मिलिमीटर, डोळे आणि मागे काचेसारखी शेपटी, बाकी शरीर असून नसल्यासारखं. बाकीची कुठे गेली हे मला कळायला दोन दिवस लागले, आईला दोन मिनिटं. टाकीसमोर खुर्ची टाकून बसली, बघितलं आणि म्हणाली, "अरे ही स्वतःचीच खातेय, कसली आई ही मेली." गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं पोटातच वाढतात आणि पोहायला तयार होऊन बाहेर येतात, पण एकदा बाहेर पडलं की आईच्या दृष्टीने ते फक्त हलणारं खाणं असतं. नर पण खातो. मावशा पण खातात.

मग मी जे सगळे करतात तेच केलं, ब्रीडिंग बॉक्स आणला. प्लास्टिकचा छोटा डबा, तळाला फटी, मादी वर, पिल्लं फटीतून खाली पडणार. ऐकायला इतकं छान वाटतं की कोणाला शंका येत नाही. माझी मोठी पिवळी मादी मी तीन दिवस त्यात ठेवली, ती एका कोपऱ्यात तोंड डब्याच्या भिंतीला लावून नुसती थरथरत उभी, काही खात नव्हती, पिल्लं तर नाहीच झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी गेली. एवढ्याशा डब्यात पाणी फिरत नाही, मादी घाबरते, घाबरली की प्रसूती लांबवते किंवा कच्ची पिल्लं टाकते. तो डबा आता मुलीच्या मण्यांचा डबा आहे, तिथे तो चांगलं काम करतो.

माझ्यासाठी खरं काम केलं ते गवताने. हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास, जे मिळेल ते, मूठभर नाही तर टाकीचा एक तृतीयांश भाग गच्च भरेल इतकं. वर तरंगू द्यायचं, जमिनीत लावायची गरज नाही. पिल्लं जन्मल्या जन्मल्या वर येतात आणि गवतात घुसतात, मोठे मासे तिथे शिरतात पण वळता येत नाही. तुमच्या टाकीत जावा मॉस (शेवाळासारखी वनस्पती) असेल तर अजून उत्तम, त्याच्या धाग्यांवर बारीक जीव राहतात आणि पिल्लं दिवसभर ते टिपत बसतात, पहिल्या दोन दिवसांचं बरंचसं खाणं तिथेच होतं. नवीन गवत मात्र आधी वेगळ्या बादलीत ठेवून नीट बघून घ्या, त्यातून गोगलगायीची अंडी येतात, माझ्याकडे आता गोगलगायींची पण पिढी चालू आहे ते वेगळं.

मादी कधी वियाणार हे कळतं. पोटाच्या शेवटी, मागच्या पंखाजवळ एक काळसर डाग असतो, तो गडद आणि मोठा होत जातो, कधी कधी नीट बघितलं तर त्यात बारीक डोळे दिसतात, हो खरंच, आतल्या पिल्लांचे. आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत पोट गोल राहत नाही, पुढून बघितलं की चौकोनी वाटतं. गप्पीला साधारण चार आठवडे लागतात, पाणी गार असेल तर जास्त. मी एकदा पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठलो तर निळी मादी गवताजवळ एकटी, शेपटी थोडी वर, आणि एक छोटी काळी गोळी बाहेर आली. गोळीच वाटली कारण पिल्लू अंगाची मोट बांधून येतं. खाली पडलं, दोन सेकंद तळाला, मला वाटलं मेलं, मग एक झटका आणि वर. पुढची वीस मिनिटं मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा, दर अर्ध्या-एक मिनिटाने एक गोळी. चौतीस मोजली. ग्लासातलं पाणी प्यायचं राहूनच गेलं.

आता एक गंमत. दोन महिन्यांनी आमचा एकुलता नर टाकीतून उडी मारून फर्निचरखाली सापडला, वाळून. (झाकण ठेवा. गप्पी उडी मारतात.) टाकीत फक्त माद्या. पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्लं. मग अजून एकदा. आईने माझ्याकडे बघितलं, मी नेटवर बघितलं. गप्पीची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि एका मिलनावर कित्येक महिने, एकामागून एक बॅच देऊ शकते. म्हणून दुकानातून मादी आणली की तिच्या पहिल्या पिल्लांचा बाप कोण हे ब्रह्मदेवाला माहीत. स्ट्रेन (म्हणजे एका रंगाची शुद्ध जात) सांभाळणारे लोक, मॉस्को ब्लू वगैरे वाले, माद्या लहानपणापासून वेगळ्या का ठेवतात ते तेव्हा समजलं.

खाण्याचं सांगतो कारण तिथे मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला. जुन्या पद्धतीप्रमाणे उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलच्या फडक्यातून पिळून थेंब थेंब द्यायचा. आमच्या घरात अंडं गॅसवर चढत नाही, आईसाठी, मग मी ते ऑफिसमध्ये उकडलेलं घेऊन आलो, डब्यात लपवून, एखाद्या गुन्हेगारासारखा. पिल्लांनी पहिल्यांदा तुटून पडून खाल्लं तर मला इतका आनंद झाला की अजून थोडा, अजून थोडा करत अर्धा बलक टाकला. सकाळी पाणी दुधासारखं आणि वास असा की आईने न विचारता ओळखलं की घरात अंडं आलंय. चाळीसपैकी सहा पिल्लं राहिली. बलक तळाला बसतो, सडतो, अमोनिया वाढतो, पिल्लं तोंड वर करून हवा ओढायला लागतात आणि मग संपलंच. वापरायचाच असेल तर टाचणीच्या डोक्याएवढा, आणि अर्ध्या तासात तळ साफ.

आता मी आर्टेमिया काढतो, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. कोल्ड्रिंकची बाटली उलटी, तळ कापलेला, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खडे मीठ, एअर पंपाची नळी तळापर्यंत, आणि चिमूटभर सिस्ट, म्हणजे ती तपकिरी पूड जी खरं तर झोपलेली अंडी असतात. उन्हाळ्यात चोवीस तासांत केशरी धूर उठल्यासारखी पिल्लावळ. पंप बंद करायचा, दहा मिनिटं थांबायचं, टरफलं वर तरंगतात, जिवंत पिल्लं खाली आणि उजेडाकडे जमतात, मोबाईलचा टॉर्च लावला की एका जागी केशरी ठिपका होतो, तिथून नळीने ओढायचं आणि बारीक कापडात गाळून गोड्या पाण्यात धुवायचं. (गाळणीचं भोक मोठं पडतं, कापडच लागतं.) टरफलं पिल्लांना देऊ नका, पचत नाहीत. गप्पीच्या पिल्लांनी आर्टेमिया खाल्लं की पोटं केशरी होतात, तेवढ्यावरून कळतं कोणी जेवलं कोणी नाही. हे जमत नसेल तर रोजचंच चांगलं फ्लेक फूड दोन बोटांत चुरून पिठासारखं करा आणि दिवसातून चार-पाच वेळा इवलंसं, पोळी लाटताना पिठी भुरभुरतो ना तेवढं.

पाणी. पुण्यातल्या लोकांनो, नळाचं पाणी मऊ असतं, माझ्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभराच्या आतच येतो, आणि सोसायटीच्या बोअरचं सहाशेच्या वर. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल, मॉली या सगळ्या पिल्लं देणाऱ्या माशांना पाणी थोडं जडच आवडतं, मॉलीला तर फारच, मऊ पाण्यात मॉली जागच्या जागी डुलायला लागते. जे बोअर आमच्या गीझरचं वाटोळं करतं तेच माशांना मानवतं, त्यामुळे मी अर्धं अर्धं मिसळतो. नळाच्या पाण्यातली क्लोरीन मात्र एका बॅचला भोवली, तेव्हापासून बादली आदल्या रात्री भरून ठेवायची किंवा अँटीक्लोरीनचे दोन थेंब. उन्हाळ्यात टँकर येतो त्या पाण्याचं काय करायचं? तपासल्याशिवाय घालू नका, एवढंच सांगतो. पिल्लांच्या टाकीचं पाणी मी दर दोन दिवसांनी पाव भाग बदलतो, स्पंज फिल्टर असूनही, कारण जास्त खाल्लं की घाण जास्त आणि घाण राहिली की वाढ थांबते.

आणि डिसेंबर. खिडकीजवळच्या टाकीचं पाणी रात्री अठरा अंशांपर्यंत गेलं आणि पिल्लं नुसती एका जागी लटकली, खाणं बंद. पंचवीस-सव्वीसवर ठेवणारा छोटा हीटर घ्या, भांडं भरलं नसेल तर चालू करू नका, माझ्या हाताला त्याचा अनुभव आहे.

तीन-चार आठवड्यांची झाली की नर-मादी वेगळे करायचे, नराचा खालचा मागचा पंख काडीसारखा होतो, त्यातून ओळखता येतं. इथे आळस केला तर पुढच्या महिन्यात पिल्लांना पिल्लं. मी केला. सहा महिन्यांत आमच्याकडे साधारण दोनशे मासे होते आणि रंग सगळे मिसळून दर पिढीला राखाडी होत चाललेले. शेजाऱ्यांना दिले, मुलीच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट द्यायला निघालो, बायकोने थांबवलं. दुकानवाल्याने घेतले नाहीत, "रंग नाही साहेब" म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मग पावसाळ्यात आरोग्य विभागाचे लोक डेंग्यूसाठी सोसायटीत आले, गप्पी सोडायचे म्हणाले. माझा चेहरा उजळला. एवढं मात्र त्यांनी निक्षून सांगितलं की नदीत, तळ्यात, ओढ्यात सोडायचे नाहीत, तिथले आपले देशी मासे आणि बेडकांची पिल्लं यांच्या पोटावर पाय येतो, फक्त बंदिस्त टाक्यांमध्ये. मी चाळीस राखाडी मासे पिशवीत बांधून शेजारच्या बांधकामाच्या टाकीत सोडले, वॉचमन काकांना सांगून, लक्ष ठेवा म्हणालो.

परवा भेटले. "डास कमी झाले का काका?"

"डासांचं माहीत नाही," म्हणाले, "मासे लय वाढलेत."